सॅक गुलबर्ग्याला, पाहुणे सोलापुरात

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मीनाबाई मशीनवर बसून शाळेच्या स्कर्टांना चुण्या घालत होत्या. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत दुपारचे आवाज दोनच. एक त्यांच्या मशीनचा आणि दुसरा समोरच्या गोजरबाईंच्या टीव्हीचा. त्यातला टीव्ही एकाएकी बंद झाला. गोजरबाई मालिका अर्धवट सोडून दारात येतात म्हणजे गल्लीत काहीतरी त्याहून भारी चाललेलं असतं, हे मीनाबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पाय थांबवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाहेर डोकावून पाहिलं.

त्यांचे यजमान जालिंदर येत होते. सकाळी मल्लिनाथ नावाच्या दोस्ताला स्टेशनवर सोडून येतो म्हणून गेलेला हा माणूस परत येताना दोन गोरी माणसं घेऊन आला होता. एक बाप्या, कमरेला निळं जाड जॅकेट बांधलेला, आणि एक बाई. दोघंही अशी ताडमाड, की कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या चुकवायला बाप्याला दर चार पावलांवर वाकावं लागत होतं. बाईच्या हातात शेंगाचटणीची पुडी होती. सामान म्हणाल तर तेवढंच.

"मीना, पाहुणे आलेत," जालिंदर दारातूनच म्हणाले.

"कुणाचे?"

"आपलेच की."

मग त्यांनी चपला काढता काढता भराभरा सांगून टाकलं. हे दोघं नवरा-बायको हॉलंडचे. नवरा हेंद्रिक, बायको मारिट. पाठीला सॅक लावून जग फिरायला निघालेत. हैदराबादला चालले होते. सोलापूर स्टेशनात चहा प्यायला खाली उतरले आणि गाडी गेली निघून. दोन्ही सॅक गाडीत. पासपोर्ट आणि फोन तेवढे कमरेच्या पाकिटात होते म्हणून वाचले. मल्लिनाथ त्याच डब्यात होता, त्याला फोन करून सॅक ताब्यात घ्यायला सांगितलंय. "लॉजवाले परदेशी माणूस म्हटल्यावर खोली देईनात. रस्त्यावर सोडून यायचं व्हय?"

"न्हाय न्हाय, बरं केलंत. पण गाडी चुकली कशी?"

"आता रेल्वेचं काय सांगावं! टायमिंग बदललं असंल."

जालिंदर थाप मारताना डाव्या कानाची पाळी चोळतात. आत्ता ती चोळून चोळून टोमॅटोसारखी झाली होती. मीनाबाईंनी ते पाहिलं, मनात ठेवलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

हेंद्रिकचा चेहरा अगदी उतरला होता. त्याला इंग्रजी येत होतं, पण घरात ते फारसं कुणाला येत नव्हतं. शेवटी तो फोनमध्ये आपल्या भाषेत बोलला आणि फोननं त्याचं मराठी केलं. फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "आज रात्री हैदराबाद येथे आमचे सणाचे भोजन नियोजित होते. माझ्या संपूर्ण वर्षाचे नियोजन विस्कळीत झाले आहे."

दारात उभ्या गोजरबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अगं बया, ह्यो फोन तर हेडमास्तरावानी बोलतोय की!"

हेंद्रिकनं मग फोनवरच वर्षाचा सगळा आराखडा दाखवला. कुठल्या दिवशी कुठल्या गावात, कुठल्या हॉटेलात, काय बघायचं, काय खायचं. मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी तो कोरियातल्या कुठल्याशा डोंगरावर असणार होता. मीनाबाईंना उद्या सकाळी नळाला पाणी येईल की नाही हेही माहीत नसायचं. त्या कौतुकानं बघत राहिल्या. मारिट मात्र तिकडं बघतसुद्धा नव्हती. ती मशीनवरचा अर्धा शिवलेला स्कर्ट उचलून चुण्या निरखत बसली होती.

जालिंदर पाहुण्यांना गच्चीवरची खोली दाखवायला वर गेले आणि त्यांचा खाली राहिलेला फोन वाजला. मल्लिनाथ होता.

"वहिनी, दोनी सॅक घेऊन उतरलो बगा गुलबर्ग्याला. एकेक वासराएवढी हाय! बहिणीच्या घरात ठेवल्यात. मी काय आठवडाभर येत न्हाय. त्यांना म्हणावं, येऊन घेऊन जावा."

"बरं झालं भावजी. बिचाऱ्यांची गाडी चुकली, आपल्या हातनं तेवढीच मदत."

पलीकडून मल्लिनाथ एवढ्यानं हसला, की मीनाबाईंनी फोन कानापासून लांब धरला. "चुकली? चुकवली म्हणा! ती दोघं गप आपल्या जाग्यावर बसली होती की वो. तुमच्या मालकानं बळंच खाली उतरवलं. 'कम कम, सोलापूर टी, टेन मिनिट, नो टेन्शन!' गाडी हलली तवा मी दारातनं बोंबलतोय, आन् ह्यो गडी त्यांना शेंगाचटणी कशी कुटायची ते सांगतोय!"

मीनाबाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून तोंडाला पदर लावून पोटभर हसून घेतलं. जालिंदरनी उभं आयुष्य एसटी चालवली होती. आपली गाडी कधी उशिरा सुटली नाही आणि आपण कधी पॅसेंजर मागं ठेवला नाही, हे ते लग्नाकार्यात अनोळखी माणसांनाही सांगत. गाडी चुकलेल्या माणसाची तर त्यांना कीवसुद्धा यायची नाही. आणि आता हे!

मीनाबाई लगेच वर जाऊन विचारू शकल्या असत्या. पण इतक्या वर्षांच्या संसारात असा हुकमाचा पत्ता हातात पहिल्यांदाच आला होता. तो आल्या आल्या टाकून द्यायला त्या काही खुळ्या नव्हत्या.

"अहो," जालिंदर खाली येताच त्या म्हणाल्या, "माळ्यावरचं मोठं पातेलं काढून देता का? पाहुणे हायत."

दिवाळीपासून त्या पातेल्याला "बघू की" हे एकच उत्तर मिळत होतं. आज जालिंदर लगोलग स्टुलावर चढले. उतरेपर्यंत त्यांच्या केसात जळमटं होती.

"आन् मटण आणा. सण हाय त्यांचा."

"आणतो."

"येताना माझी मशीनची सुई. आन् गोजरबाईंचा सिलेंडर खाली आलाय, तेवढा वर ठेवून द्या."

"गोजरबाईंचा कशाला?"

"बिचारी एकटी बाई." मीनाबाईंनी सुस्कारा सोडला. "ह्या दोघांसारखीच. कुणामुळं ह्यांच्यावर अशी पाळी आली असंल, कुणाला ठाऊक!"

जालिंदरनी कान चोळला आणि सिलेंडर उचलायला गेले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी न्हाणीघराची गळकी तोटी बदलली, दाराच्या बिजागरीला तेल घातलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून न सांगता पेरूसुद्धा आणले. मग मीनाबाईंनी मुद्द्याला हात घातला.

"सॅक आणायला उद्या गुलबर्ग्याला जावं लागंल. मी पण येते."

गुलबर्ग्याचं बुद्ध विहार बघायची त्यांची किती वर्षांची इच्छा होती. पेठेतल्या विहारातल्या सगळ्या बायका जाऊन आल्या होत्या, फोटो दाखवून झाले होते. जालिंदरचं म्हणणं ठरलेलं असायचं, की जन्मभर गाडीत बसलो, आता निवृत्त होऊनपण गाडीतच बसू व्हय? बसची काय ती दोन-तीन तासांची वाट, पण ती कधी संपलीच नव्हती.

"चल की," जालिंदर म्हणाले. एवढंच. आवाज अगदी कोकरासारखा.

मीनाबाई वळून स्वयंपाकघरात गेल्या, कारण तिथं थांबल्या असत्या तर हसू फुटलं असतं.

पाहुण्यांना अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. मारिटला मीनाबाईंनी आपला गाऊन दिला. त्यांच्या घोट्यापर्यंत येणारा गाऊन तिच्या गुडघ्याशी थांबला. हेंद्रिकच्या मापाचं घरात काही मिळेना. शेवटी ट्रंकेतून जालिंदरचा जुना खाकी गणवेश निघाला. शर्ट कसाबसा बसला. पँट मात्र पोटरीवरच राहिली, म्हणून मीनाबाईंनी दुमड उसवली आणि खाली शाळेच्या पँटीच्या कापडाची पट्टी जोडून दिली. हेंद्रिक आरशापुढं उभा राहिला, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

मारिट स्वयंपाकघरात येऊन बसली ती उठेचना. खोबरं भाजताना ती वास घेत होती, मसाला वाटताना मिक्सरचं झाकण धरत होती. भाकरी थापताना तिनं हात पुढं केला, तेव्हा मीनाबाईंनी तिला एक गोळा दिला. तिची भाकरी पुण्याच्या नकाशासारखी झाली, पण तव्यावर पडली तेव्हा पोरगी लहान मुलासारखी टाळ्या पिटायला लागली. मग तिनं दाराकडं पाहिलं. बाहेर हेंद्रिक जालिंदरना कोरियातला डोंगर दाखवत होता. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि हळूच काहीतरी बोलली.

फोनला हळू बोलायचं माहीत नव्हतं. "मी जाणूनबुजून रेल्वेगाडीस जाऊ दिले," तो ठणकावून म्हणाला.

मारिटनं घाबरून त्याच्यावर परात झाकली. दोघी श्वास रोखून ऐकत राहिल्या. बाहेर काही हललं नाही. मीनाबाईंनी परात उचलली, आवाज बारीक केला आणि फोन दोघींच्या मधे पाटावर ठेवला.

"पती गाडीकडे पाठ करून चहा प्राशन करीत होते. मला गाडी हलताना दिसली. मी ओरडू शकले असते." मारिट थांबली, पिठाचे हात बघत पुढं बोलली. "माझा पती उत्तम परंतु अत्यंत नियोजनबद्ध मनुष्य आहे. अनेक महिने मी कोणत्याही घरात बसलेले नाही. सणाच्या दिवशी पुन्हा हॉटेलात जेवण्याची कल्पना मला असह्य झाली. म्हणून मी तुमच्या पतीस चटणीविषयी आणखी एक प्रश्न विचारला."

मीनाबाईंना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांच्या डोळ्यासमोर सगळं उभं राहिलं. गाडी हलतेय, मल्लिनाथ दारातून बोंबलतोय, हेंद्रिक चहात बुडालाय, जालिंदर कूट सांगताहेत, आणि ही शहाणी गाडीकडं डोळा ठेवून विचारतेय, लसूण किती घालायचा? त्या जे हसायला लागल्या ते तव्यावरची भाकरी जळाली तरी थांबेनात. मारिटही हसू लागली. डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता तिच्या गालाला पीठ लागलं.

"पप्... पतीला सांगितलंस?" मीनाबाईंनी बाहेर बोट दाखवून विचारलं. ते समजायला फोन लागला नाही. मारिटनं जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं.

"मग मी पण न्हाय सांगत," मीनाबाई म्हणाल्या. "माझ्या मालकाला तर मुळीच न्हाय. आज तोटी बदललीय त्यांनी, बाई! आत्ताच कुटं सुरुवात हाय."

हे सगळं फोननं तिच्या भाषेत केलं. तोटीचं काय समजलं कोण जाणे, पण मारिटनं पिठाचा हात पुढं केला आणि मीनाबाईंनी त्यावर टाळी दिली.

जेवायला विहारातल्या पौर्णिमेसाठी आणून ठेवलेल्या मेणबत्त्या लावल्या. तांबडा रस्सा, कडक भाकरी, कांदा. रश्श्याच्या पहिल्या घोटाला हेंद्रिकचा चेहरा रश्श्याच्याच रंगाचा झाला. तो तांब्याभर पाणी प्यायला, त्यानं नाक पुसलं आणि वाटी परत पुढं केली. मग दोघांनी त्यांच्याकडचं सणाचं एक गाणं म्हटलं. हेंद्रिकचा आवाज चांगला होता. गोजरबाई स्वतःची वाटी घेऊन आल्याच होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि शब्द एकसुद्धा कळला नाही पण लई भरून आलं, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं बसस्टँडवर गेले. खाकी शर्टातला हेंद्रिक घोळक्यातून वर दिसत होता, आणि तिथंच गंमत सुरू झाली. एक म्हातारा थेट त्याच्याकडं गेला. "मास्तर, तुळजापूर गाडी कुटं लागती?" हेंद्रिक गोंधळून बघत राहिला. तेवढ्यात दोन बायकांनी बार्शीचं विचारलं. एकानं तर त्याच्या हातात पिशवी देऊन, जरा धरा, आलोच, म्हणून पळ काढला. जालिंदर मदतीला धावणार, तर मीनाबाईंनी त्यांचा दंड धरला. "राहू द्या की. मजा येतीय."

हेंद्रिकनं फलाटांच्या पाट्या बघितल्या, फोनवर काही शोधलं आणि पुढच्या माणसाला गंभीर चेहऱ्यानं हातानं फलाट दाखवला. तो बरोबर निघाला. मग त्याला चव लागली. गुलबर्ग्याची गाडी लागेपर्यंत त्यानं सात-आठ माणसं योग्य फलाटावर पोचवली होती, आणि गाडीत चढायला तो अजिबात तयार नव्हता. मारिटनं त्याला ओढून आत घेतला.

गाडीत मीनाबाईंना खिडकी मिळाली. जालिंदर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि अक्कलकोट येईपर्यंत मनातल्या मनात गाडी चालवत राहिले. नसलेल्या ब्रेकवर पाय दाबत होते. "उतारावर न्यूट्रल करतोय बघ खुळा." शेवटी ड्रायव्हरनं मागं वळून कन्नडमधून काहीतरी सुनावलं. जालिंदरना त्यातलं निम्मं समजलं आणि तेवढं पुरलं.

मल्लिनाथच्या बहिणीनं ज्वारीची भाकरी आणि एणगाई, म्हणजे भरली वांगी, वाढल्याशिवाय सॅक हवाली केल्या नाहीत. मल्लिनाथनं जालिंदरना बघून तोंड उघडलं, मीनाबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, आणि त्यानं वांगं तोंडात घालून ते बंद केलं.

दुपारी सगळे विहाराकडं गेले. पांढरा घुमट लांबूनच दिसायला लागला, तसा मीनाबाईंनी पदर सारखा करून घेतला. आत थंड फरशी होती, माणसं हलक्या पावलांनी फिरत होती. त्यांनी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि मूर्तीसमोर बसून राहिल्या. किती वेळ, त्यांनाही कळलं नाही. कल्पनेत बघितलं होतं त्यापेक्षा हे मोठं होतं, आणि शांतही. फोटो दाखवणाऱ्या बायकांनी हे शांतपण सांगितलंच नव्हतं. मनातला सगळा खोडकरपणा कुठंतरी बाजूला सरकून बसला.

बाहेर पायरीवर जालिंदर त्यांच्याजवळ येऊन बसले. बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळले.

"मीना, एक सांगायचं हाय. त्या दोघांची गाडी माझ्यामुळं चुकली. मीच उतरवलं. धा मिनिटं थांबती म्हणालो."

कानाला हात नव्हता. मीनाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. इतका पडलेला चेहरा त्यांनी या माणसाचा निवृत्तीच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

"मला ठाव हाय. कालच कळलं."

"काल? मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते, तर तोटी बदलली असती? हितं आणलं असतं?"

जालिंदर आधी चिडले, मग विचारात पडले आणि शेवटी हसायला लागले. हसता हसता म्हणाले, "पण त्या हेंद्रिकचं लई वाईट वाटतं मला. कसा मुकाट झालाय बघ."

पायऱ्यांखाली मारिट उभी होती. तिनं मीनाबाईंकडं पाहून भुवई उंचावली. सांगितलंत का? मीनाबाईंनी हळूच नकाराची मान हलवली. नवऱ्याची दया येत होती, खरंच येत होती. पण शब्द दिला होता. शिवाय घरात रंगकामही निघालं होतं.

हेंद्रिक सॅक पाठीला लावून तयार होता. खाकी शर्टावर ती सॅक म्हणजे एखादा ड्रायव्हर बिऱ्हाड घेऊन पळाल्यासारखं दिसत होतं. जालिंदर म्हणाले, स्टेशन जवळच आहे, संध्याकाळची हैदराबाद गाडी मिळेल, आणि या वेळी मी स्वतः डब्यात बसवून देतो. हेंद्रिकनं मान डोलवली. मग आठवून त्यानं फोनला विचारायला लावलं, "माझे निळे उबदार जॅकेट कोठे आहे? मला ते पर्वतांसाठी आवश्यक आहे."

"ते व्हय," मीनाबाई म्हणाल्या. "सकाळी धुवायला टाकलं. लई मळलं होतं. गच्चीवर वाळतंय."

"धुतलं?" जालिंदरनी कपाळावर हात मारला. "अगं, आज तो जाणार होता!"

"मला काय माहीत? धुणं भिजवायची सवय हाय हाताला."

जालिंदरनी बायकोकडं पाहिलं. मग मारिटकडं. दोघींचे चेहरे इतके निष्पाप होते, की त्यांना पहिल्यांदाच काहीतरी शंका आली. पण काय, ते नेमकं सापडेना.

हेंद्रिक फोनकडं बघत उभा राहिला. हैदराबाद पुढं, जॅकेट मागं. त्यानं आराखडा वर सरकवला, खाली सरकवला. मारिट श्वास धरून होती. अखेर त्यानं फोन बंद करून खिशात टाकला आणि जालिंदरना इंग्रजीत विचारलं, त्यातला एकच शब्द सगळ्यांना समजला. "हुर्डा?"

काल जेवताना जालिंदरनीच त्याला सांगितलं होतं, की या दिवसांत सोलापूरला येऊन शेतात बसून भाजलेला हुर्डा न खाता जाणारा माणूस बघितलेला नाही.

"येस! टुमॉरो!" जालिंदर उडालेच. "माय फ्रेंड्स फार्म! नो टेन्शन!"

"नो टेन्शन म्हणू नका," मीनाबाई म्हणाल्या. "तेवढं एक म्हणू नका."

परतीच्या गाडीला नाताळच्या सुट्टीची गर्दी होती. बायकांना जागा मिळाली. दोन्ही नवरे एकेक सॅक पोटाशी धरून उभे राहिले आणि प्रत्येक वळणाला एकमेकांवर आदळत राहिले. हेंद्रिकला एका बाईनं तिकीट मागितलं, तेव्हा मारिट आणि मीनाबाई दोघींना हसू आवरेना.

"काय चाललंय तुमचं? कशाला हसताय?" जालिंदरनी वरून विचारलं.

"काय न्हाय," मीनाबाई म्हणाल्या आणि खिडकीची काच सरकवली. बाहेर ज्वारीच्या रानावर ऊन कलत होतं. "भाषा शिकतोय एकमेकींची."